मदत हवी आहे: ५०३ येऊनही ईपीएबीएक्स दुसऱ्या रूटवर जात नाही, शिवाय डीएनएसचा घोळ

तारवाला:
मांडणी अशी: जुना ईपीएबीएक्स (ऑफिसचं टेलिफोन एक्सचेंज), ई१ पीआरआयवरून (डिजिटल फोन लाइन) सिस्को आयओएस गेटवे, पुढे सेवादाराची सिप ट्रंक (आयपी नेटवर्कवरून कॉल नेणारी जोडणी). सेशन टार्गेटला (गेटवेने कॉल पाठवायचा पत्ता) आयपी नाही, डोमेन नाव दिलंय. ईपीएबीएक्समध्ये दुसरी पीआरआय पर्यायी रूट म्हणून आहे आणि कॉज (कॉल का तुटला ते सांगणारा आकडा) ३४, ३८, ४१ आला की तो तिकडे वळतो.
१) सेवादाराकडून ५०३ (सिपचं ‘सेवा उपलब्ध नाही’ हे उत्तर) येतो तेव्हा डिबग आयएसडीएन क्यू९३१ मध्ये (पीआरआयवरचे निरोप दाखवणारी कमांड) कॉज ६३ दिसतो आणि कॉल तिथेच मरतो.
२) काही वेळा प्रॉक्सी (सेवादाराचा सिप सर्व्हर) उत्तरच देत नाही. मग अर्धा मिनिट शांतता.
३) नाव कधी रिझॉल्व्ह होतं, कधी नाही. नेम-सर्व्हर (नावावरून आयपी सांगणारे डीएनएस सर्व्हर) दोन टाकलेत: आधी गूगलचा ८.८.८.८, नंतर सेवादाराचा.

पितळी_टोक:
पहिला प्रश्न सोपा आहे. आरएफसी ३३९८ (सिप आणि फोन नेटवर्कचे कोड जुळवणारं मानक) प्रमाणे ५०३ चा ४१ व्हायला हवा, पण आयओएसच्या डिफॉल्ट तक्त्यात तो ६३ होतो. शो सिप-यूए मॅप सिप-पीएसटीएन चालवून खात्री करा. मग सिप-यूए मध्ये (गेटवेच्या कॉन्फिगचा सिपचा भाग) जाऊन:
सेट सिप-स्टेटस ५०३ पीएसटीएन-कॉज ३४
तुमचा ईपीएबीएक्स ४१ वरही वळतो, त्यामुळे ४१ दिलात तरी चालेल. पण उत्साहात ४०४ (नंबर सापडला नाही) आणि ४८६ (बिझी) ला हात लावू नका. ते १ आणि १७ च राहू द्या, नाहीतर चुकीचा नंबर फिरवला किंवा समोरचा बिझी असला तरी प्रत्येक कॉल दुसऱ्या पीआरआयवर जाऊन आपटेल.

दुसरा प्रश्न रिट्रायचा. यूडीपीवर इन्व्हाइट (कॉल सुरू करायचा सिप निरोप) पहिल्यांदा अर्ध्या सेकंदाने पुन्हा जातो, मग दर वेळी थांबा दुप्पट. डिफॉल्ट ६ रिट्राय, म्हणून ही शांतता. सिप-यूए मध्येच रिट्राय इन्व्हाइट २ करा, तीन-चार सेकंदांत निकाल लागेल. उत्तर न आल्यावर मिळणारा कॉज बहुधा १०२ (वेळ संपली) असेल. तो ईपीएबीएक्सच्या यादीत घाला, हे तिथेच करणं बरं.

गुंडाळी४७:
डीएनएसचं मी सांगतो. सेवादाराचं नाव बहुतेक त्याच्याच नेटवर्कात ओळखलं जातं. ८.८.८.८ ने ‘असं नाव नाही’ म्हटलं की ते उत्तरच झालं, गेटवे दुसऱ्याला विचारत नाही. दुसरा नेम-सर्व्हर पहिला गप्प बसला तरच कामाला येतो. तुमचं ‘कधी होतं’ हे ८.८.८.८ टाइमआउट झाल्याच्या वेळचं असणार. ८.८.८.८ काढून टाका, सेवादाराचे दोन्ही डीएनएस ठेवा.

तरीही डीएनएस गप्प असेल तर आयपी डोमेन लुकअप सोर्स-इंटरफेस लावून ट्रंकचा इंटरफेस द्या. अनेक सेवादार फक्त ट्रंकच्या आयपीला उत्तर देतात. आणि कॉन्फिगमध्ये कुणी ‘नो आयपी डोमेन लुकअप’ टाकून ठेवलंय का ते पाहा. कमांड चुकली की राउटर तो शब्द नाव समजून शोधत बसतो, म्हणून ती सवय असते. त्यासाठी राउटरच्या लॉगिन लाइनवर ट्रान्सपोर्ट प्रिफर्ड नन पुरतं, लुकअप मारायची गरज नाही.

तारवाला:
सेशन टार्गेटला नावापुढे :५०६० पण लिहिलंय. चालेल ना?

गुंडाळी४७:
काढा. पोर्ट लिहिला की आरएफसी ३२६३ (सिप सर्व्हर कसा शोधायचा त्याचं मानक) प्रमाणे एसआरव्ही (कुठले प्रॉक्सी कोणत्या क्रमाने ते सांगणारा डीएनएस रेकॉर्ड) बघितलाच जात नाही, थेट ए रेकॉर्ड (नावाचा आयपी). सेवादाराने एसआरव्हीत दोन प्रॉक्सी दिले असतील तर दुसरा वाया. पोर्ट नसेल तर आधी _सिप._यूडीपी विचारलं जातं, आणि प्रायॉरिटीचा आकडा लहान तो प्रॉक्सी आधी.

पितळी_टोक:
आणि इथेच रिट्राय पुन्हा आड येतो. पहिला प्रॉक्सी मेला असेल तर ६ रिट्राय संपल्यावरच दुसऱ्याची पाळी येते, तोवर माणसाने फोन ठेवलेला असतो. आयपी होस्टने (नावाचा आयपी हाताने लिहिणारी कमांड) नाव पक्कं करायचा मोह टाळा, सेवादाराने आयपी बदलला की गेटवे जुन्यालाच चिकटून राहील.

तारवाला:
८.८.८.८ काढला, पोर्ट काढला, सोर्स-इंटरफेस लावला. शो होस्ट्समध्ये एसआरव्हीचे दोन्ही प्रॉक्सी दिसले. ५०३ आता ३४ म्हणून जातो आणि ईपीएबीएक्स लगेच दुसऱ्या पीआरआयवर वळतो. १०२ यादीत घालायला मात्र ईपीएबीएक्सवाल्याचा पासवर्ड हवा, तो सोमवारी येतोय.