ऑफर लेटर आलं, पण उमेदवार ट्रान्स आहे कळताच 'होल्डवर': दाद कुठे मागायची?

पॅरालीगल_मिरज (8 नोव्हेंबर 2025)

दोन प्रसंग आहेत, जाणकारांनी नेमकं सांगावं.

एक, खासगी कंपनी. मुलाखत झाली, ऑफर लेटर आलं, होकार कळवला, रुजू व्हायची तारीख ठरली. मग कागदपत्रं दिली. मार्कशीटवर जुनं नाव, आधारवर नवं नाव आणि 'ट्रान्सजेंडर'. दुसऱ्या दिवशी एचआरचा फोन: 'पोझिशन सध्या होल्डवर आहे.' लेखी काही नाही.

दोन, राज्य सरकारची पदभरती. ऑनलाइन अर्जात पुरुष आणि स्त्री एवढेच पर्याय. मुदत संपायला नऊ दिवस.

2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायद्यात भेदभावाला बंदी आहे हे माहीत आहे. पण जायचं कुठे? पोलीस, लेबर कोर्ट की थेट हायकोर्ट?

मॅटची_पायरी

दुसरा प्रसंग आधी घेतो, कारण तिथे नऊच दिवस हातात आहेत.

राज्य शासनाच्या भरतीचा वाद मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात जातो. मुंबई, नागपूर, संभाजीनगर अशी तीन ठिकाणं. थेट हायकोर्टात गेलात तर 'आधी मॅटमध्ये जा' म्हणून परत पाठवतील आणि त्यात आठवडा जाईल. केंद्राची नोकरी असेल तर कॅट, म्हणजे केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण.

आजच्या आज तीन गोष्टी करा. अर्जाच्या त्या पानाचा स्क्रीनशॉट, तारीख-वेळ दिसेल असा. जाहिरातीची पीडीएफ, कारण शुद्धिपत्रक आलं की मूळ जाहिरात संकेतस्थळावरून गायब होते. आणि भरती करणाऱ्या कार्यालयाला निवेदन: तिसरा पर्याय द्या, तो येईपर्यंत अर्ज कागदावर स्वीकारा. ईमेल कराच, पण आवक-जावकला नेऊन एका प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांकही घ्या. उत्तरासाठी तीन दिवस पुरे. एरवी निवेदनाच्या उत्तराची सहा महिने वाट पाहण्याचा दंडक आहे, पण मुदत सरत असेल तर तातडी दाखवून लगेच सुनावणी मागता येते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे गुपचूप 'पुरुष' किंवा 'स्त्री' निवडून अर्ज भरणं आणि निकाल लागल्यावर भांडायला येणं. 'प्रक्रियेत निमूट भाग घेतलात, आता तक्रार कसली?' हा सरकारी वकिलांचा ठरलेला मुद्दा आहे आणि कोर्टं तो मान्यही करतात. शेवटच्या दिवशी भरावाच लागला तर सबमिट दाबण्याआधी ईमेल टाका: तिसरा पर्याय नसल्याने हा रकाना हरकत नोंदवून भरत आहे.

मॅटमध्ये मूळ अर्ज दाखल करायची मुदत एक वर्ष. भरतीत ती कागदावरचीच समजा. अंतिम यादी लागली की निवडलेल्यांनाही प्रतिवादी करावं लागतं आणि प्रकरण चिघळतं. मागण्या तीनच ठेवा: तिसरा पर्याय, अंतरिम म्हणून तात्पुरता प्रवेश, आणि पद पोलिसातलं किंवा तसं असेल तर शारीरिक चाचणीचे निकष मैदानी चाचणीच्या आधी ठरवणं. ही तिसरी मागणी हमखास राहून जाते. मग अर्ज घेतला जातो, पण उंची आणि धावण्याचं माप कोणतं लावायचं हेच ठरलेलं नसतं आणि उमेदवार मैदानावर अडकतो.

दाखला घरचाच आहे. नोव्हेंबर 2022 मध्ये मॅटने पोलीस शिपाई भरतीत तिसरा पर्याय द्यायला सांगितलं. सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं. तिथे डिसेंबरमध्ये सरकारला 13 तारखेपर्यंत पर्याय आणि 28 फेब्रुवारी 2023 पर्यंत नियम करायचं कबूल करावं लागलं. आरक्षणाची मागणी मात्र या अर्जात मिसळू नका. कर्नाटकाने 2021 मध्ये नियम बदलून 1 टक्का समांतर आरक्षण दिलं, पण तो धोरणाचा लढा आहे, नऊ दिवसांत निभणारा नाही.

साधा_वाचक_77

खासगी कंपनीवर सरळ एफआयआर करा की. कायद्यात दोन वर्षांची शिक्षा आहे. पोलीस दारात आले की होल्ड आपोआप निघेल.

कलम_नऊ

नाही हो. शिक्षा कलम 18 मध्ये आहे, सहा महिने ते दोन वर्षं. पण त्या कलमातले गुन्हे वेगळे: वेठबिगारी, सार्वजनिक जागी मज्जाव, घरातून किंवा गावातून हाकलणं, शारीरिक-लैंगिक-आर्थिक छळ वगैरे. नोकरी नाकारणं त्यात नाही. भरतीतल्या भेदभावाला कलम 3 आणि 9 ने मनाई आहे, पण ती मोडली तर शिक्षा लिहिलेली नाही. कायद्यातली ही मोठी फट. ठाण्यात गेलात तर 'सिव्हिल मॅटर' म्हणून परत पाठवतील आणि या एका बाबतीत त्यांचं फार चुकणारही नाही. लेबर कोर्टही सोडा, उमेदवार अजून कामगार झालेलाच नाही.

म्हणून खासगी कंपनीच्या बाबतीत सगळी मदार कागदावर. फोनला ईमेलने उत्तर द्या, त्याच दिवशी, शिवीगाळ न करता:

'आज सकाळी 11.40 वाजता आपल्या विभागातून फोन आला. माझी नेमणूक होल्डवर असल्याचं सांगितलं. माझी कागदपत्रं काल मिळाल्यानंतर हा निर्णय झाला असं मी समजते. कारण वेगळं असल्यास सात दिवसांत लेखी कळवावं. आपल्या तक्रार अधिकाऱ्याचं नावही कळवावं.'

यात 'काल' हा शब्द महत्त्वाचा. भेदभाव कुणी लिहून देत नाही, तो तारखांच्या क्रमातून दाखवावा लागतो. उत्तर नाही आलं तरी हरकत नाही, गप्प बसणंही पुढे उपयोगी पडतं. तीच जागा पुन्हा जाहिरातीत दिसली तर लगेच जपून ठेवा. मग 'होल्ड' खोटा पडतो.

पुढची पायरी तक्रार अधिकारी. कलम 11 प्रमाणे प्रत्येक आस्थापनेत तो हवा. 2020 च्या नियमांप्रमाणे त्याने 15 दिवसांत चौकशी करायची आणि अहवालावर प्रमुखाने पुढच्या 15 दिवसांत कारवाई करायची. बहुतेक ठिकाणी असा अधिकारी नेमलेलाच नसतो. मग तक्रार व्यवस्थापकीय संचालकांच्या नावे स्पीड पोस्टने पाठवा आणि अधिकारी नेमलेला नाही हाच पहिला मुद्दा करा.

व्हॉट्सॲप, ईमेल, कॉल रेकॉर्डिंग कोर्टात द्यायचं तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, आता दोन भागांत: एक तुमचं, एक तज्ज्ञाचं. फोन बदलू नका, फॉरमॅट करू नका. हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, मूळ फाइलचीच लागते.

पॅरालीगल_मिरज

आणि तरीही कंपनी बधली नाही तर? नोकरी परत मिळते का?

कलम_नऊ

नोकरी मिळणं अवघड, हे उमेदवाराला आधीच सांगा. खासगी नोकरीचा करार कोर्ट जबरदस्तीने अमलात आणत नाही. दिवाणी दाव्यात मागायची ती भरपाई.

पण गेल्या महिन्यात चित्र थोडं बदललं. 17 ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने जेन कौशिक या ट्रान्स शिक्षिकेच्या प्रकरणात निकाल दिला. त्यात शाळा दोन होत्या, एक उत्तर प्रदेशातली आणि एक गुजरातमधली. जामनगरच्या शाळेने ऑफर देऊन, ओळख कळल्यावर रुजू करून घेतलं नाही, म्हणजे तुमचाच पहिला प्रसंग. त्या शाळेला कौशिक यांना 50,000 रुपये भरपाई द्यायला सांगितलं. उत्तर प्रदेशातल्या शाळेवर तसा बोजा आला नाही. यावरून पुरावा कशाचा टिकतो ते समजून घ्या.

शिवाय केंद्र, उत्तर प्रदेश आणि गुजरात यांनाही प्रत्येकी 50,000, कारण कायदा करून तो राबवला नाही. समान संधीचं धोरण सुचवायला निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांची समितीही नेमली. हायकोर्टातल्या रिट याचिकेसाठी हाच धागा पकडा: फक्त कंपनी नको, राज्य सरकारही प्रतिवादी करा. निव्वळ खासगी कंपनीविरुद्ध रिट टिकणं कठीण. यंत्रणा उभी केली नाही ही तक्रार राज्याविरुद्ध आहे, ती टिकते.

त्यासाठी माहिती अधिकारात विचारून ठेवा की कलम 9 ते 11 राबवण्यासाठी काय केलं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, 150 शब्दांच्या आत. आपल्या राज्याच्या नियमात ही मर्यादा आहे आणि तेवढ्यावरून अर्ज परत येतात.

नवखी_वकील

कंपनीत सहाच माणसं असतील तर? पॉशसारखी, म्हणजे कामाच्या जागी लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्यासारखी, दहा कर्मचाऱ्यांची अट आहे का?

कलम_नऊ

नाही. कलम 2 मधल्या आस्थापनेच्या व्याख्येत कंपनी, फर्म, सहकारी संस्था, ट्रस्ट सगळं येतं, माणसांचा आकडा नाही. नोटिशीत व्याख्या जशीच्या तशी उतरवा, नाहीतर छोट्या कंपनीचं पहिलं उत्तर 'आम्हाला लागू नाही' असंच येईल.