ताटाला चुंबक चिकटतंय (सोसायटी ग्रुप, ए-बी-सी विंग)

सोमवार

नीलाताई, बी-203 (रात्री 9:12): सावंत दादा, आपण सगळे मिळून स्टीलचे जेवणाचे सेट मागवतोय ना, त्यातल्या क्लबहाउसमध्ये ठेवलेल्या नमुन्याच्या ताटाला चुंबक चिकटतंय. फ्रिजवरचं साधं चुंबक काठाला लावून बघितलं. चांगल्या स्टीलला चिकटत नाही म्हणतात ना? मागे अशाच एकत्र मागवलेल्या बाटल्यांच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवतंय. 27 घरांचे पैसे जायच्या आधी विचारतेय, राग नसावा.

सावंत दादा, सी-404: राग कशाचा ताई. पण नमुना शुक्रवारपासून तिथे आहे. आज सोमवार. उद्या अ‍ॅडव्हान्स द्यायचाय आणि प्रश्न आज येतोय, एवढंच.

सेक्रेटरी: बाटल्यांचा विषय नको. विनंती आहे.

कुलकर्णी काका, ए-101: नीलाताई, चुंबक काठाला नाही, ताटाच्या मधोमध सपाट भागाला लावा. 304 म्हणजे भांड्यांच्या चांगल्या स्टीलचा ग्रेड, तो पत्रा मुळात चुंबकाला ओढत नाही. पण साच्यात दाबून काठ उभा करताना, कड वळवताना पत्र्यावर ताण येतो, तेवढ्या भागात त्याची आतली घडण बदलते आणि चुंबक हलकं ओढलं जातं. नुसत्या काठावरून माल खोटा म्हणता येणार नाही. सगळीकडे घट्ट चिकटलं तर मात्र तो निकेल नसलेला पत्रा, 430 सारखा.

नीलाताई: मधे अजिबात चिकटत नाही. म्हणजे 304 च ना?

कुलकर्णी काका: तेही ठरत नाही. 202 आणि बाजारात ज्याला जे-4 म्हणतात तो स्वस्त पत्रा, दोन्ही चुंबकाला चिकटत नाहीत. 304 मध्ये साधारण 18 टक्के क्रोमियम, 8 टक्के निकेल. म्हणून 18/8 लिहितात. 202 मध्ये निकेल 4 ते 6 टक्के, उरलेली उणीव मँगनीजने भरलेली. जे-4 मध्ये निकेल जेमतेम 1 टक्का. पत्र्याच्या व्यापाऱ्यांकडे थेंबाचं औषध असतं. पत्र्यावर थेंब टाकून 9 व्होल्टची बॅटरी लावली की जास्त मँगनीजवाला पत्रा लाल रंग दाखवतो. चुंबकाने ते कळत नाही.

रोहन, सी-102: म्हणजे इतकी वर्षं सगळे बाजारात खिशात चुंबक घेऊन फिरतात ते कशासाठी? 😄

कुलकर्णी काका: चमचे बघायला उपयोग होतो. चमचे, सुऱ्या बहुतेक निकेल नसलेल्या पत्र्याच्या असतात, त्यांना चिकटणारच. त्यात विष नाही काही. फक्त मीठ-लिंबू लागून रात्रभर ओले पडले तर डाग लवकर धरतात.

सावंत दादा: बिलावर 304 लिहायला दुकानदार तयार नाही. 'फूड ग्रेड स्टेनलेस' लिहून देतो म्हणतोय.

कुलकर्णी काका: फूड ग्रेड म्हणजे ग्रेड नव्हे दादा. आकडा हवा. शिवाय आयएसआय खूण बघा, सोबत आयएस 14756 (स्टीलच्या भांड्यांच्या मानकाचा क्रमांक) आणि खाली परवाना क्रमांक. तो क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये घालून तपासता येतो. स्टीलच्या भांड्यांना ही खूण सक्तीची करणारा केंद्राचा आदेश मार्च 2024 चा आहे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गेज (पत्र्याच्या जाडीचा आकडा) नाही, वजन लिहून घ्या.

पाटील वहिनी, बी-501: मी मागच्या महिन्यात पितळेचं सुचवलं तेव्हा कुणी एक अक्षर लिहिलं नाही. आता स्टीलवर तीस मेसेज.

सावंत दादा: वहिनी, 27 पैकी 3 घरांनी पितळ म्हटलं होतं. यादी वर पिन केलेली आहे.

पाटील वहिनी: यादी माहीत आहे. यादी कुणी केली तेही माहीत आहे.

रोहन: भांड्याला भांडं लागलं की आवाज व्हायचाच.

शहा बेन, ए-304: आमच्याकडे रोजच्या पंगतीला स्टीलच. पण पाहुण्यांसाठी पांढरा सेट घ्यायचाय. बोन चायना चालत नाही, हे कितीदा सांगितलं तरी त्याच लिंका येतात.

पाटील वहिनी: बरोबर आहे बेन. बोन चायनाच्या मातीत जनावरांच्या हाडांची राख असते, तीही चांगली तिसरा हिस्सा किंवा जास्त. साधं पोर्सिलेन किंवा ओपल काच घ्या. ओपल म्हणजे ती दुधी, हलकी काच. मायक्रोवेव्हला चालते. गॅसवर ठेवायची नाही, आणि तापलेली ताटली ओल्या ओट्यावर टेकवायची नाही. फुटली की बारीक धारदार कपच्या होतात, केर काढल्यावर फडकं ओलं करून पुसावं लागतं.

रोहन: सोनेरी काठाची चालते का मायक्रोवेव्हमध्ये?

पाटील वहिनी: नाही. तो काठ धातूचा असतो, ठिणग्या उडतात. डिशवॉशरमध्येही घालू नका, सोनेरी रंग विटतो. आणि मेलामाइन तर मायक्रोवेव्हमध्ये मुळीच नको. अन्नापेक्षा बशी जास्त तापते, आणि गरम आंबट पदार्थात त्यातलं फॉर्मलडिहाइड उतरू शकतं. ओरखडे पडलेलं मेलामाइन काढून टाका. हळदीचा डाग त्या ओरखड्यांतच बसतो, घासून निघत नाही.

कुलकर्णी काका: वजनाचं कुणी वाचलं का? गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ. दुकानात 22 सांगतात, हातात 26 देतात, आणि डोळ्यांना कळत नाही. 12 इंची ताट, अडीच सेंटीमीटर उभा काठ, असं असेल तर 22 गेजचं वजन 545 ग्रॅमच्या आसपास भरतं, 24 गेजचं 430, 26 गेजचं 350. कड आत वळवली असेल तर थोडं जास्त. 26 गेजच्या ताटात गरम भात वाढला की तळ फुगतो आणि ताट टेबलावर गरगर फिरतं.

सावंत दादा: दुकानदाराने 22 गेज सांगितलंय काका. मी खात्री करून घेतली आहे.

कुलकर्णी काका: लेखी?

सावंत दादा: तोंडी.

सेक्रेटरी: मागच्या वेळची खोकी अजून बी विंगच्या लॉबीत आहेत. अग्निशमनाच्या नळासमोर. ती आधी हलवा.

नीलाताई: मी आत्ता नमुन्याचं ताट घरी आणून किचनच्या काट्यावर ठेवलं. 12 इंची आहे, काठ अडीच सेंटीमीटर. वजन 358 ग्रॅम. तीनदा केलं.

(रात्री 10:04 ते 10:21 कुणाचाही मेसेज नाही)

सावंत दादा: फोटो टाका ताई.

नीलाताई: टाकला.

सावंत दादा: बघितला. उद्या अ‍ॅडव्हान्स देत नाही. मी विश्वासाने विचारलं होतं, मला ताट तोलायचं सुचलं नाही.

कुलकर्णी काका: दादा, यात तुमची चूक नाही. गेज विचारलं की आकडा मिळतो, वजन विचारलं की माल मिळतो.

मंगळवार

पाटील वहिनी (सकाळी 7:40): आता ऑर्डर थांबलीच आहे तर ताटाचा आकारही बघा. नमुन्याच्या ताटाचा तळ बशीसारखा खोलगट आहे, बाजूंनी उतार. त्यात आपलं जेवण वाढता येत नाही. वर मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटीची वाटी. खाली मधे भाताची मूद, त्यावर वरण-तूप. उताराच्या ताटात डावीकडची कोशिंबीर पाणी सोडते, ते पाणी घसरून भाताखाली जातं, आणि वाटी आपोआप मधे सरकते. सपाट तळ आणि सरळ उभा काठ हवा. 12 इंची ताटाला निदान 11 इंच सपाट तळ.

नीलाताई: 11 इंची ताट घेतलं तर ओट्याखालच्या मांडणीत बसतं पण.

पाटील वहिनी: मग वाट्या लहान घ्या. 9 सेंटीमीटर तोंडाच्या तीन वाट्या उजवीकडे लावल्यावर पोळीला जागा उरली पाहिजे. आमटीला 150 मिलीची, कोशिंबीर-श्रीखंडाला 100 मिलीची. सेटमध्ये 12 वाट्या एकाच मापाच्या देतात, ते बदलून घ्या. 6 मोठ्या, 6 लहान.

रोहन: दुहेरी थराच्या वाट्या कशा? बोट भाजत नाही.

कुलकर्णी काका: आमटीला उत्तम. पण जोडावर बारीक भोक राहिलं तर आत पाणी शिरतं, हलवलं की खुळखुळतं, आणि वास धरतो. घेताना गरम पाण्यात बुडवून बघा, बुडबुडे आले की परत करा. आणि ग्लास एकात एक अडकले तर ठोकू नका. आतल्यात थंड पाणी घाला, बाहेरचा कोमट पाण्यात धरा.

पाटील वहिनी: वाढायच्या भांड्यांचं सांगते. सहा माणसांना दोनदा आमटी म्हणजे 150 गुणिले 12, 1800 मिली. भांडं पाऊण भरायचं असतं, म्हणून अडीच लिटरचं घ्या. सेटमधलं दीड लिटरचं आहे, ते पहिल्याच फेरीत खरवडलं जाईल. ओगराळ्याचा (आमटी वाढायच्या खोल डावाचा) दांडा भांड्याच्या काठाबाहेर चार बोटं आला पाहिजे, नाहीतर आमटीत बुडतो. भातवाढी पसरट घ्या, खोलगट नको, मूद मोडते.

शहा बेन: ओगराळं! हा शब्द किती दिवसांनी वाचला.

सावंत दादा: वहिनी, हे सगळं मागच्या महिन्यात लिहिलं असतं तर...

पाटील वहिनी: लिहिलं होतं. तुम्ही अंगठा दाखवून पुढे गेलात.

सेक्रेटरी: 🙏 कृपया.

नीलाताई: पाटील वहिनी, पितळेचं खरंच विचारायचंय. वाढायला एक पातेलं घ्यावं असं वाटतंय.

पाटील वहिनी: घ्या की. वरण, भात, खीर, कोरडी भाजी याला छान. ताक, सोलकढी, चिंचेची आमटी, टोमॅटोचं सार बिनकल्हईच्या पितळेत ठेवलं की कळकतं, हिरवट दिसतं. खायचं नाही, ओतून द्यायचं. कल्हई असली तरी आंबट पदार्थ वाढण्यापुरता, रात्रभर नाही. कल्हई कथलाची असते आणि कथील 232 अंशांवर वितळतं, म्हणून रिकामं भांडं आचेवर ठेवायचं नाही, तेलाची फोडणीही त्यात नको. तारेची घासणी बंद. मावशींना नारळाची शेंडी किंवा मऊ स्पंज द्या आणि रोज आठवण करा. आत तांबूस-पिवळे ठिपके दिसले की कल्हई गेली. कल्हईवाल्याला कथलाची कांडी आपल्यासमोर लावायला सांगा, शिसं मिसळलेलं चालणार नाही.

नीलाताई: कुठून घेऊ?

पाटील वहिनी: पुण्यात तांबट आळी, नाशिकला भांडी बाजार, मुंबईला तांबा काटा. पितळ वजनावर मिळतं. मठार काम केलेलं घेतलं तर ठोक्यांनी पत्रा कडक होतो, लवकर पोचा पडत नाही. काश्याची वाटी घेतलीत तर जपा, काशात कथील भरपूर असतं, फरशीवर पडली की तडकते.

कुलकर्णी काका: परत सांगतो. वजन. पितळेला वजन विचारता, मग स्टीलला का नाही?

सावंत दादा (दुपारी 4:15): दुकानातून आलो. 24 गेज, सपाट तळ, ताटाचं वजन 430 ग्रॅमच्या खाली नाही, बिलावर 304 आणि परवाना क्रमांक, असं लिहून देतोय. वाट्या 6 आणि 6. वाढायचं भांडं अडीच लिटर. दर वाढतोय, म्हणून ग्लास काढलेत, ते सगळ्यांकडे आहेत. नवा दर रात्री टाकतो. ज्यांना नको त्यांनी आजच सांगा.

शहा बेन: आम्ही आहोत.

रोहन: नवीन ताटांवरचा कागद निघत नाही, त्याचं काय करतात?

पाटील वहिनी: सुरीने खरवडू नका. कागदाची बाजू वर ठेवून ताट मागून मंद आचेवर दहा-पंधरा सेकंद गरम करा, कडेपासून सावकाश ओढा. उरलेल्या डिंकाला खायचं तेल चोळा. मग आतून तेलाचा हात फिरवून सुक्या बेसनाने पुसा. पॉलिशचं काळं निघतं. ते निघेपर्यंत साबण लावून उपयोग नाही.

नीलाताई: सावंत दादा, काल जरा तिखट लिहिलं. पण बरं झालं थांबलो.

सावंत दादा: हो. माल शनिवारी संध्याकाळी 6 वाजता क्लबहाउसमध्ये येईल. लॉबीत नाही, सेक्रेटरी साहेब.

कुलकर्णी काका: प्रत्येक खोक्यातून एक ताट तोला. काटा आधी एक किलो साखरेच्या न फोडलेल्या पुडीवर तपासा. पुडीचं प्लास्टिक धरून किलोपेक्षा थोडं जास्तच दाखवेल. कमी दाखवला तर काटा बदला. ताटाचा कागद काढायचा नाही, पण खोक्याची पुठ्ठ्याची पट्टी काढून ठेवा.

नीलाताई: काटा मी आणते. साखर कुणीतरी आणा.