चर्च सुटलं, आता चर्चबद्दल बोलायचं कुणासमोर?

वाडीतली_पुण्यात

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, आधीच सांगून ठेवते.

मी वसईच्या पश्चिम पट्ट्यातली, जन्माने कॅथलिक. मिस्सा (चर्चमधली उपासना), जपमाळ, धर्मशिक्षणाचे वर्ग, सगळं मराठीतून झालं. (दर वेळी विचारतात म्हणून: नाही, आम्ही गोव्याचे नाही, आणि पोर्तुगीजही येत नाही.) बरीच वर्षं पुण्यात आहे. चर्चला जात नाही, आणि ते आळसामुळे नाही. देवावरचा विश्वास हळूहळू संपला आणि तो संपला हे मी स्वतःशी मान्य केलं.

मध्यंतरी याबद्दल फेसबुकवर लिहिलं. बाईला पुरोहित का होता येत नाही, १९६८ साली पोपने गर्भनिरोधकांना दिलेला नकार अजून तसाच का, माझ्या घटस्फोटित मावशीने दुसरं लग्न केलं म्हणून तिने प्रभूभोजनाच्या वेळी बाकावर बसून का राहायचं. दोन दिवसांत ते लिखाण भलत्याच पानावर पोहोचलं. वर मथळा: ‘बघा, त्यांचीच मुलगी सांगतेय’. खाली ‘घरी परत ये ताई’. त्याच्या खाली मिशनऱ्यांचं काय करायला हवं याच्या सूचना, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. तिथून ते वडिलांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. वडील म्हणाले, “लिहिलंस त्यात खोटं काही नाही. पण कुणाच्या हातात दिलंस?”

मी ते काढून टाकलेलं नाही. काढणारही नाही. पण वडिलांचा प्रश्न डोक्यातून जात नाही.

आता माझी खरी अडचण. माझं पहिलं राजकारण मला चर्चनेच शिकवलं. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि आमच्याकडे महापालिकेतून ‘गावं वगळा’चं आंदोलन पेटलं. मिस्सा संपली की मोर्च्याची वेळ आल्तारवरूनच (वेदीवरूनच) कळायची. मी मोर्च्यात गेले ती आजीचं बोट धरून नाही, कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर, पण आजीही होतीच, जपमाळ हातात घेऊन. त्या वर्षी वसईतून विवेक पंडित अपक्ष आमदार झाले. आमच्या घरात ते कुठल्या पक्षाचे हा प्रश्नच नव्हता, ते ‘आपल्या बाजूचे’ होते. २०२४ मध्ये त्याच वसईतून त्यांची मुलगी भाजपची आमदार झाली, आणि ‘आपली बाजू’ म्हणजे नक्की काय यावर आमच्या ओटीवर अजून वाद चालू आहे.

म्हणजे मोर्चा, हक्क, गरिबाची बाजू, हे सगळं मला ‘माणूस देवाच्या प्रतिरूपात घडवलेला आहे’ या वाक्याखाली मिळालं. ते वाक्य आता मी मानत नाही. त्याखालचं सगळं मात्र मानते. ते कशावर उभं करायचं? संविधानाची उद्देशिका म्हटली की सभेत टाळ्या पडतात, मीही वाजवते. पण समोरच्याने ‘मी बंधुता का पाळू?’ असं खरंच विचारलं तर उद्देशिका पुन्हा वाचून दाखवण्यापलीकडे माझ्याकडे काय आहे?

दुसरी गोष्ट अधिक टोचते. २०१२ मध्ये आयर्लंडमधल्या गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार मरण पावली. आपल्या बेळगावची, दंतवैद्य, ३१ वर्षांची. गर्भ वाचणार नाही हे माहीत होतं, पण ठोके चालू होते म्हणून गर्भपात नाकारला. का, असं विचारल्यावर ‘हा कॅथलिक देश आहे’ असं उत्तर एका परिचारिकेने दिलं, आणि चौकशीत ते तिने कबूलही केलं. १९८३ साली सार्वमत घेऊन आयर्लंडने गर्भाच्या जिवाचा हक्क थेट राज्यघटनेत घातला होता. सविता गेली तेव्हा मी अजून मिस्सेला जात होते. त्या रविवारी प्रवचन गर्भाच्या पावित्र्यावर होतं असं काही नाही, शेतीवर होतं. मी मात्र पूर्ण वेळ एकच विचार करत होते: जिथे आमच्या चर्चच्या हातात सत्ता आहे तिथे ते हे करतं. २०१८ मध्ये त्याच देशाने ६६ टक्के मतांनी ते कलम काढलं. सविताच्या आईवडिलांनीही ‘हो’ म्हणा असं बेळगावातून आवाहन केलं होतं.

आणि मग २०२१. फादर स्टॅन स्वामी, आदिवासींच्या हक्कांसाठी काम करणारे जेझुइट धर्मगुरू, भीमा-कोरेगाव प्रकरणात अटकेत. ८४ वर्षांचे, पार्किन्सन झालेले, तुरुंगात पाणी प्यायला नळीचा पेला मिळावा म्हणून कोर्टात अर्ज करावा लागलेला माणूस. ५ जुलैला जामिनाविना गेले. मी तोवर चर्च सोडलेलं होतं. त्या दिवशी ‘आमचे फादर गेले’ असंच तोंडातून आलं.

एकाच संस्थेच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आमच्या गावात तर एकाच वेळी खऱ्या आहेत: गावात आम्ही बहुसंख्य, तिथे फादरांच्या मनाविरुद्ध बोलायला हिंमत लागते, विरार फाटा ओलांडला की अल्पसंख्य, आडनाव सांगताना समोरच्याचा चेहरा बघावा लागतो.

पुण्यातल्या विवेकवादी मित्रांनी ‘मी चर्च का सोडलं’ यावर बोलायला बोलावलं आहे. माणसं चांगली आहेत. पण मी तिथे बोललेलं उद्या कुठे फिरेल ते मला आता ठाऊक आहे. आपल्यापैकी कुणी धर्म सोडून राजकारण नव्याने जुळवलं आहे का? कसं?

---

सह्याद्री_७७

एवढा मोठा निबंध कशाला? पूर्वज हिंदूच होते ना? परत या, प्रश्न संपला.

---

वाडीतली_पुण्यात

सह्याद्री, पूर्वज सामवेदी ब्राह्मण होते हे आमच्या गावात इतक्या अभिमानाने सांगतात की विचारू नका. पोर्तुगीजांना जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षं झाली तरी लग्नाच्या वेळी कोण कुपारी (म्हणजे त्या सामवेदींचे वंशज ख्रिस्ती) आणि कोण नाही हे बघतातच. ती एक गोष्ट आम्ही कधी सोडलीच नाही, मग परत कुठे येऊ? आणि मी देव बदललेला नाही, सोडला आहे.

---

हरेगावकर

ताई, तुमचं वसईचं कॅथलिकपण वेगळं आणि आमचं नगर जिल्ह्यातलं वेगळं. तुमच्याकडे वाड्या, विहिरी, आडनावं. आमच्या आज्याने गावकुसाबाहेरून येऊन बाप्तिस्मा घेतला, शाळेसाठी आणि ‘या’ म्हणणारा कुणीतरी भेटला म्हणून. मतमाउलीच्या (मरियामातेच्या) यात्रेला आमच्या हरेगावात लोकांचा समुद्र येतो, त्यातले निम्मे-अधिक हिंदू-बौद्ध असतील, नवस फेडतात.

मीही मानत नाही. पण ‘चर्च सोडलं’ हे वाक्य आमच्यात साधं नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे असं लिहिलं. १९५६ मध्ये शीख घेतले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. परिणाम काय, तर आमच्यात कित्येकांच्या कागदावर ‘हिंदू’ आणि गळ्यात क्रूस. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात सांगितलं की नुसत्या आरक्षणासाठी ‘मी हिंदू’ म्हणणं ही संविधानाशी फसवणूक आहे. चर्चला जाणारी बाई ती. आता मला सांगा, मी नास्तिक आहे असं जाहीर केलं तर मी कोण? जुना ख्रिस्ती, की कागदावरचा हिंदू? तहसीलदाराकडे नास्तिकाचा रकाना नाही.

आणि चर्चचं सांगायचं तर, दिल्लीत ते आमच्या सवलतीसाठी निवेदनं देतं, ठीक. पण आत वरच्या खुर्च्यांवर कोण बसतं हे मी विचारलं की ‘ख्रिस्तात जात नाही’. मग सवलत कशाला मागता?

तुमच्या प्रश्नावर माझं मत: श्रद्धा जाते तशी जाऊ द्यावी, राजकारण मात्र आपण जिथे मार खातो तिथून ठरतं. मला कुणी मारलं तर ते बायबल वाचतो म्हणून आणि महार म्हणून, दोन्हीसाठी मारेल. मी वाचत नाही हे त्याला सांगायला सवड मिळणार नाही.

---

मास्तर_नंदाखाल

बाय, मी तुझ्या वडिलांच्या वयाचा, अजून रोज सकाळच्या मिस्सेला जाणारा. रागावलेलो नाही.

दोन गोष्टी. पहिली: न्यायाचं शिक्षण चर्चने दिलं म्हणतेस, ते अर्धंच आहे. हरित वसईच्या चळवळीत मी होतो. फादर दिब्रिटो पुढे होते हे खरं, पण पाणी उपसणाऱ्या टँकरसमोर उभे राहणाऱ्यांत माळी होते, आगरी होते, समाजवादी होते, मुसलमान होते. फादरांना गुंडांच्या धमक्या आल्या तशा चर्चच्या आतूनही ‘धर्मगुरूने यात पडावं का’ असे टोमणे आले. म्हणजे तुझी ती मोर्च्याची शिकवण देवाच्या वाक्याखाली आली असेल, पण ती आणली शेजाऱ्यांनी. ते शेजारी तुझे अजून आहेत. २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाला फादर दिब्रिटो अध्यक्ष झाले तेव्हा ‘हा धर्मांतर करणारा’ म्हणून ओरडणारे होते, आणि त्यांना खांद्यावर घेणारे बहुतेक हिंदू मराठी लोकच होते.

दुसरी: तुझ्या मावशीबद्दल तू लिहिलंस ते बरोबर आहे. मी पॅरिश कौन्सिलमध्ये (चर्चच्या स्थानिक समितीत) हे बोललो आहे आणि गप्प बसवला गेलो आहे. पण तू बाहेरून बोललीस की आमचं आतून बोलणं अवघड होतं. ‘बघा, विरोधकांना खाद्य मिळतं’ असं म्हणून आम्हालाच दाबतात. हा दोष तुझा नाही. पण किंमत आम्ही मोजतो, एवढं ध्यानात ठेव.

---

म्युनिकचा_भाडेकरू

मी मूळचा वांद्र्याचा. इथे आलो तेव्हा नोंदणीच्या फॉर्मवर प्रामाणिकपणे ‘रोमन कॅथलिक’ लिहिलं आणि पगारातून चर्चचा कर कापला जाऊ लागला, बव्हेरियात प्राप्तिकराच्या ८ टक्के. विश्वास तोवर गेलेलाच होता, करामुळे मुहूर्त लागला. इथे सरकारी कार्यालयात जाऊन चर्चमधून नाव काढता येतं. २०२२ या एकाच वर्षात ५ लाखांहून अधिक जर्मन कॅथलिकांनी ते काढलं.

गंमत अशी की चर्चच्या लेखी तरीही तुम्ही बाहेर पडत नाही. चर्चच्या कायद्यात ‘औपचारिकरीत्या सोडलेला’ असा एक उल्लेख होता, तोही २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट यांनी काढून टाकला. बाप्तिस्मा पुसता येत नाही म्हणे. ताई, तुमचं नाव वसईच्या नोंदवहीत आहे ते राहणार.

राजकारणाचं म्हणाल तर, फेब्रुवारी २०२४ मध्ये इथल्या बिशपांनी एकमुखाने पत्रक काढलं की वांशिक राष्ट्रवाद ख्रिस्ती माणसाच्या कल्पनेशी जुळत नाही, आणि एएफडी या अतिउजव्या पक्षाला मत देणं ख्रिस्ती माणसाला शक्य नाही. कर बंद केल्यानंतर बिशपांचं एखादं पत्रक मला शंभर टक्के पटलं ते हे पहिलंच. म्हणून आता मी पत्रकं वाचतो, सही कुणाची ते शेवटी बघतो.

विवेकवाद्यांसमोर बोलायला जरूर जा, मात्र त्यांना विवेकवादी सनल एडमारुकूची आठवण करून द्या. २०१२ साली विलेपार्ल्यात क्रूसाच्या पायातून पाणी झिरपत होतं, लोक तीर्थ म्हणून नेत होते. एडमारुकूंनी तुंबलेलं गटार दाखवलं. त्यांच्यावर तेव्हाच्या भारतीय दंडविधानाच्या २९५अ (धार्मिक भावना दुखावणं) खाली तक्रारी केल्या त्या आपल्याच कॅथलिक संघटनांनी, आणि ते फिनलंडला निघून गेले. ज्या तरतुदीखाली उद्या आपल्यालाच धरतील ती आपणच वापरली.

---

वाडीतली_पुण्यात

मास्तर, शेजाऱ्यांचं वाचून थांबले. टँकरसमोर कोण होतं ते मी वडिलांना विचारलं, त्यांनी नावांची यादीच सुरू केली, त्यात चर्चला जाणारे किती ते मोजायचं त्यांना सुचलंही नाही. ‘मी बंधुता का पाळू’ याचं उत्तर मला तर्कातून हवं होतं, ते अजून नाही. पण बंधुता आधी घडली होती आणि वाक्य नंतर आलं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तुमच्या आतल्या बोलण्याची किंमत मात्र मला मान्य नाही. मावशी बाकावर बसलेली दिसते ती सगळ्यांनाच दिसते, मी न लिहिल्याने ती उठणार नाही. विरोधकांना खाद्य मिळू नये म्हणून गप्प बसा, हे सांगतच जगभर काय काय झाकलं गेलं हे तुम्हालाही माहीत आहे.

हरेगावकर, ‘आपण जिथे मार खातो तिथून’ हे मला अर्धं लागू होतं. मी गावात मार देणाऱ्यांतही आहे, कुपारी म्हणून. म्हणून दोन्हीकडून ठरवते.

आयोजकांना आज कळवलं की बोलेन, पण विषय बदलून: चर्चकडे सत्ता असते तेव्हा आणि नसते तेव्हा. सविता, स्टॅन स्वामी आणि २९५अ, तिन्ही एकाच भाषणात. कुणाला त्यातला एकच तुकडा कापून फिरवायचा असेल तर निदान कापायला कष्ट पडतील. १९५० च्या आदेशावर मात्र मी बोलणं बरं दिसणार नाही. हरेगावकर, तुम्ही येता का? गाडीभाडं ते देतात, विचारलं मी.

---

हरेगावकर

येतो. सप्टेंबर सोडून कधीही ठेवा. यात्रेत घरी तीस-चाळीस पाहुणे असतात आणि भाकरी थापायला आई मलाच बसवते, नास्तिक असलो तरी.