हवेवरचा लँडिंग गिअर तेलावर न्यायचा आहे : पंप, व्हॉल्व्ह, तेल कोणतं घ्यावं?

फ्लॅपडाउन :
नमस्कार मंडळी. माझ्या १:५ मापाच्या, रिमोटवर उडणाऱ्या हॉक जेट मॉडेलचा लँडिंग गिअर (चाकांचे पाय) सध्या दाबाच्या हवेवर चालतो. तिन्ही पायांचे सिलेंडर दुहेरी क्रियेचे (दोन्ही बाजूंनी दाब देता येणारे), बोअर १२ मिमी, रॉड ४ मिमी, स्ट्रोक २५ मिमी. टाकी १५० मिली, दाब ८ बार, नळ्या ४ मिमी पीयूच्या (पॉलियुरेथेन). वरचं आणि खालचं लॉक युनिटमध्येच आहे, यांत्रिक. पाय आधी अडून राहतो आणि मग धाडकन जाऊन बसतो. मला तो ४-५ सेकंदांत एका लयीत हलायला हवाय. हेच सिलेंडर तेलावर चालतील का? सर्व्होवरचा जुना व्हॉल्व्ह ठेवता येईल का? ब्रेकही हवेवरच आहेत, त्यांचं काय करावं?

ओरिंग७० :
सिलेंडर चालतील, पण आधी आतल्या ओ-रिंग कशाच्या आहेत ते बघा. नायट्राइल रबराच्या असतील तर खनिज तेल बिनधास्त वापरा. ईपीडीएम या दुसऱ्या रबराच्या असतील तर त्या खनिज तेलात फुगतात आणि पिस्टन जाम होतो. दोन्ही काळ्याच असतात, नुसतं बघून कळत नाही. त्यामुळे उघडलेच आहेत तर सगळ्या रिंगा ७० शोअर कडकपणाच्या नायट्राइलच्या टाकून घ्या. मुंबईत असाल तर नागदेवी स्ट्रीटला जुनी रिंग दाखवून माप जुळवून मिळेल. जुनं ग्रीस आयसोप्रोपिल अल्कोहोलने पूर्ण पुसून काढा.

ब्रेक ऑइल चुकूनही घालू नका. डॉट ३ आणि डॉट ४ ग्लायकॉलवर बनतात, त्यात नायट्राइल टिकत नाही आणि विमानाचा रंगही सोलून निघतो. एटीएफ (गाड्यांच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) कुठेही मिळतं आणि लाल असल्याने गळती टिश्यूवर लगेच दिसते. मिळालं तर विमानांचं ५६०६ जातीचं तेल जास्त चांगलं. तेही लाल आणि खनिजच, पण थंडीत फारसं घट्ट होत नाही. एटीएफ १५ अंशांना ४० अंशांच्या मानाने जवळपास तिप्पट घट्ट असतं. म्हणजे मे महिन्यात ५ सेकंदांवर बसवलेला गिअर जानेवारीच्या सकाळी रेंगाळणार.

तुमच्या मापांचा हिशोब असा : पिस्टनच्या बाजूला २.८३ मिली, रॉडच्या बाजूला २.५१ मिली. तीन पायांचे ८.५ आणि ७.५ मिली. ८ बारला जोर साधारण ९० आणि ८० न्यूटन, हवेवर होता तेवढाच. तेलाने ताकद वाढत नाही, फक्त चाल सुधारते.

पानापक्कड :
जुना व्हॉल्व्ह विसरा. त्यातून परतीची हवा बाहेर सुटते, तिथून आता तेल सुटेल आणि फ्युजलाजमध्ये (विमानाच्या धडात) सांडेल. लाकडात तेल मुरलं की तिथे पुन्हा इपॉक्सी धरत नाही.

पंप वापरायचा तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दोन्ही दिशांना फिरणारा गिअर पंप, त्याला व्हॉल्व्ह लागत नाही. पण इथे एक खोच आहे : रॉडच्या बाजूला ७.५ मिली ढकललं की दुसऱ्या बाजूने ८.५ परत येतं. वरचं १ मिली जाणार कुठे? पंपाला नुसते दोन चेक व्हॉल्व्ह (एकाच दिशेने वाट देणारे) लावून टाकी जोडली असेल तर परतीच्या बाजूला दाब साठतो आणि गिअर अर्ध्यात थांबतो. जी बाजू कमी दाबाची असेल तीच टाकीला जोडणारा शटल व्हॉल्व्ह हवा.

दुसरा रस्ता एक्स्कॅव्हेटर मॉडेलवाल्यांचा : एकाच दिशेचा पंप, रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह), सर्व्होवरचा स्पूल व्हॉल्व्ह (तेलाची दिशा बदलणारा) आणि टाकी. परतीचं तेल सरळ टाकीत जातं, त्यामुळे वरचा घोळ होत नाही. मी हाच सुचवेन. मात्र ते पंप २०-३० बारला सेट केलेले असतात आणि तुमचे पुश फिटिंग १० बारचे. गेज लावून रिलीफ ९ बारवर आणल्याशिवाय सिलेंडर जोडू नका. टाकीला श्वासाचं भोक नको, पिशवी किंवा सरकता पिस्टन हवा. नाहीतर विमान उलटं झालं की तेल बाहेर आणि पंपात हवा.

पंपाला फार ताकद लागत नाही. ८.५ मिली ४ सेकंदांत म्हणजे मिनिटाला १२७ मिली, ८ बारला पावणेदोन वॅट. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता एक चतुर्थांश धरली तरी ७ वॅट. टू-एसची (दोन सेलची) छोटी बॅटरी पुरते.

आडवारा :
पानापक्कड यांचं सगळं बरोबर आहे, तरी या विमानाला मी पंप लावणार नाही. हवेच्या टाकीत ऊर्जा साठलेली असते. पंप, मोटर कंट्रोलर किंवा बॅटरी यांपैकी एक गेलं तर तेलाच्या गिअरकडे खाली यायला काहीच उरत नाही. फ्लॅपडाउन यांना हवी आहे ती संथ चाल. ती हवेची यंत्रणा कायम ठेवूनही मिळते.

कारखान्यांत हवा-तेल कन्व्हर्टर असतो, तोच लहान करून वापरा. नळीत सरकता पिस्टन, एका बाजूला तुमच्याच व्हॉल्व्हची हवा, दुसऱ्या बाजूला तेल. तेल पुढे पायाच्या सिलेंडरला. हवा ढकलते, तेल वेग ठरवतं. पिस्टन मध्ये असल्याने उलट्या उड्डाणातही दोन्ही मिसळत नाहीत. टाकी, व्हॉल्व्ह, वायरिंग सगळं आहे तसं राहतं. पायाच्या दोन्ही बाजूंना वेगळा कन्व्हर्टर असल्याने २.८३ आणि २.५१चा फरकही आड येत नाही.

फ्लॅपडाउन :
हे पटतंय. पण विमान गाडीत न्यायचं तर दोन्ही पंख काढावे लागतात. प्रत्येक वेळी तेलाचे जोड उघडायचे का?

आडवारा :
नाही. म्हणूनच एक मोठी जोडी मध्ये बसवण्याऐवजी प्रत्येक पायाजवळ दोन छोटे कन्व्हर्टर बसवा, एकूण सहा. पंखाच्या जोडातून फक्त हवेच्या नळ्या जातील, तेल पंखातच बंद राहील. एका पायाचं तेल गळलं तरी बाकीचे दोन शाबूत. शिवाय तेलाच्या लांब नळ्या वाचतात. ४ मिमी नळीचं आतलं माप २.५ असेल तर मीटरमागे ४.९ मिली तेल मावतं. सात मीटर नळ्या भरल्या तर ३० ग्रॅम नुसतं तेलच.

लेथवाल्याकडून ॲल्युमिनियमच्या नळ्या काढून घ्या : आतून १६ मिमी, भिंत १ मिमी, पिस्टनची चाल २५ मिमी, आतून आरशासारखी गुळगुळीत. पिस्टन १४ मिमी लांब आणि त्यावर दोन रिंगा. आखूड केला तर तिरका होऊन अडकेल. १६ बोअरला २.८३ मिली म्हणजे १४ मिमी सरक. उरलेल्या ११ मिमीपैकी ५ गळतीसाठी राखा, ६ तेल तापून फुगण्यासाठी.

हे ५ मिमी फार महत्त्वाचे आहेत. तेल कमी होत गेलं की एक दिवस कन्व्हर्टरचा पिस्टन आधी टोकाला टेकतो आणि पाय लॉकच्या अलीकडे थांबतो. बाहेरून गिअर खाली दिसतो, टेकताच दुमडतो. तपासायला सोपं : पाय खाली लॉक करा, टाकीतली हवा सोडून द्या, कन्व्हर्टरची हवेची नळी काढा आणि भोकातून बोथट तार पिस्टनला टेकेपर्यंत घाला. पहिल्या दिवशी तारेवर खूण करून ठेवा. तार खुणेपुढे २ मिमी गेली की तेल भरा. वर जाणाऱ्या बाजूचंही असंच, पाय वर लॉक करून.

ओरिंग७० :
आडवारा यांच्या रचनेला दुजोरा. आता वेग कसा बसवायचा ते सांगतो. प्रत्येक सिलेंडरच्या दोन्ही पोर्टवर एम५ आट्यांचे एकदिशी फ्लो कंट्रोल (सुई फिरवून प्रवाह कमी-जास्त करणारे) लावा, असे की सिलेंडरमधून *बाहेर* पडणारं तेल रोखलं जाईल. आत जाणारं रोखलं तर खाली येताना पाय स्वतःच्या वजनाने पुढे धावतो आणि मागे पोकळी होते. हॉकचा पुढचा पाय पुढे दुमडतो, त्यामुळे उतरताना वारा त्याला ढकलतो आणि चढताना अडवतो. त्याची उतरायची सुई मेन पायांपेक्षा जास्त आवळा, चढायची सैल ठेवा. सध्याचे हवेचे रिस्ट्रिक्टर (हवेची वाट अरुंद करणारे तुकडे) मात्र काढून टाका.

बार्ब (खाचांच्या) फिटिंगवर नळी हवेत नुसती दाबून टिकते, तेलात ती हळूहळू निसटते. पातळ तारेने बांधा. टेफ्लॉन टेप नको, त्याचा एक धागा सुईत अडकला की तो पाय थांबलाच. एम५ला वॉशर पुरतो, लागलंच तर लॉक्टाइट ५४२ या आट्यांच्या सीलंटचा थेंब.

तेल भरताना तेलातली हवा आधी काढा. १० मिलीच्या सिरिंजमध्ये ६ मिली तेल घ्या, तोंड बोटाने दाबून दट्ट्या मागे ओढून धरा. बुडबुडे वर आले की सोडून बाहेर काढा, हे तीन-चार वेळा करा. मग पायाच्या खालच्या टोकाकडून भरत वर कन्व्हर्टरकडे या, म्हणजे हवा आपोआप पुढे ढकलली जाते. कन्व्हर्टर जोडण्याआधी दोन्ही नळ्यांना बूच मारा आणि पाय अधल्यामधल्या स्थितीत हाताने ढकलून बघा. दगडासारखा घट्ट लागला पाहिजे. लवला, तर हवा आहे.

पानापक्कड :
ब्रेकला तेल लावू नका. ब्रेकमध्ये आतल्या दाबाने ओ-रिंग फुगून चाकाच्या हबवर घासते, तिथे तेल झिरपलं की ब्रेकच गेला. ब्रेक हवेवरच राहू द्या, पण त्यांना ५० मिलीची वेगळी टाकी आणि मध्ये चेक व्हॉल्व्ह द्या, म्हणजे ब्रेकने गिअरची हवा खाल्ली असं होणार नाही. गिअरचे दरवाजे सर्व्होवर न्या. गिअर आता ५ सेकंद घेणार, तेव्हा सीक्वेन्सरमध्ये (दार आणि गिअर क्रमाने हलवणाऱ्या यंत्रात) दार बंद व्हायला ८ सेकंदांची सवड ठेवा.

हवा किती लागेल? १५० मिलीच्या टाकीतून दर हालचालीला ८.५ मिली, म्हणजे सुमारे अर्धा बार. ८ बारपासून तीन वेळा वर-खाली केल्यावर साडेपाच उरतात, नळ्यांतली हवा धरली तर थोडे कमीच. त्यामुळे जमिनीवरची खरी चाचणी ५ बारला घ्या : विमान स्टँडवर, प्रत्येक चाकाला ३०० ग्रॅमचं वजन बांधून, तिन्ही पाय वर आणि खाली दोन्हीकडे लॉक होतात का. ५ बारला एकही पाय अडला तर सुया सैल करा किंवा रिंगांचं घर्षण शोधा. दाब वाढवून तो दोष झाकू नका. त्यानंतर रात्रभर पाय वर ठेवून खाली पांढरा कागद पसरा. सकाळी लाल ठिपका जिथे दिसेल तो जोड उघडायचा.