मदत हवी आहे: पुलाच्या पायाशी पाणी हटत नाही, अर्जंट

साइटवाला_ठाणे: खाडीला मिळणाऱ्या नाल्यावर रेल्वेचा जुना दगडी पूल, एका पिलरच्या पायाखालची माती गेलीय, शीटपाइल (एकात एक अडकणारे लोखंडी पत्रे) मारून रिंगण केलं, पंप चालूच आहेत तरी पाणी येतंय. काँक्रीट कसं टाकू? मोठा पंप भाड्याने कुठे मिळेल?

निवृत्त_जेई: पाया ओपन (उथळ) की विहिरीचा (खोल)? खाली मुरूम की गाळ? पाणी शीटच्या फटीतून येतं की तळातून? सगळं आम्हीच ओळखायचं का

साइटवाला_ठाणे: ओपन. तळातून येतं, वाळूसकट, उकळल्यासारखं. पंपाचं सांगा ना

निवृत्त_जेई: आधी पंप बंद करा! पिलरखाली उरलेली रेती तुम्हीच उपसताय आणि वरून गाड्या जातायत. रेल्वेच्या इंजिनिअरला आत्ता कळवा. आतबाहेर पाण्याची लेव्हल सारखी होऊ द्या, मग पाण्यातच ट्रेमीने (काँक्रीट तळापर्यंत सोडायचा उभा पाइप) तळाला काँक्रीटचा जाड थर टाका. पाइपचं तोंड काँक्रीटमध्ये बुडालेलंच ठेवा, वर आलं की सिमेंट धुतलं गेलं समजा.

ग्राउटकिंग: ट्रेमी कशाला, ग्राउट (सिमेंटचं पातळ मिश्रण) मारा, पनवेलला आम्ही तेच केलं

निवृत्त_जेई: दगडाच्या सांध्यात मारा की. वाहत्या पाण्यात सगळं खाडीत जाईल.

ऐरोलीकर: आमच्या बेसमेंटमध्ये पाणी येतं, हे ट्रेमी तिथे चालेल का

कोळी_विटावा: दादा अष्टमी-नवमीला भांग असतो, भरती-ओहोटी छोटी, पाण्याला ओढ कमी, तेव्हा ओता

ग्राउटकिंग: भांगात ओहोटी पुरती लागत नाही, तळ उघडा कसा पडणार?

कोळी_विटावा: पाण्यातच ओतायचंय ना, मग तळ उघडा कशाला पायजे. खड्डा बघायचा तर उधाणाच्या ओहोटीला बघून घ्या.

इतिहासप्रेमी: १८५४ ला गाडी कल्याणला पोचली, तेव्हाचे पूल बघा! आणि २०१६ ला सावित्रीचा पूल गेलाच

निवृत्त_जेई: तो रस्त्याचा होता हो.

साइटवाला_ठाणे: पंप बंद केले. वर स्पीड रिस्ट्रिक्शन लागलंय, साहेब भडकलेत. तळाचा थर (प्लग) टाकतो, पण पावसाळ्यात परत माती गेली तर?

निवृत्त_जेई: पिलरभोवती तारेच्या जाळीत दगड भरा. पिलरच्या नाकाशी, म्हणजे प्रवाहाकडच्या टोकाशी, खड्डा सगळ्यात खोल पडतो, डिझाइनला तिथे लेसीच्या सूत्राने येणाऱ्या खोलीच्या (पुराच्या पाण्याच्या पातळीपासून मोजलेल्या) दुप्पट धरतात. तुमच्याकडे भरतीचं पाणी उलटं पण येतं, दोन्ही नाकं बघा. आणि जाळ्या नाल्याच्या तळाच्या वर येऊ देऊ नका, वाट अरुंद झाली की पाणी शेजारचा पिलर खाईल.

साइटवाला_ठाणे: ओके. ट्रेमीचा पाइप कळवा-मुंब्र्याकडे कोणाकडे आहे का, आजच पाहिजे