बिल कमी आलं म्हणजे दुकान चांगलं?

जुना_ग्राहक: काल 'हिशेबी' यांनी लिहिलं की तीन सुपरमार्केटची बिलं शेजारी ठेवली, ज्याचं बिल कमी ते दुकान चांगलं, बाकीकडे जाणारे लोक पैसे उधळतात. हे वाचून राहवलं नाही. ज्या वस्तूंचे भाव गिऱ्हाइकाला पाठ असतात, त्यांवर दुकानं मुद्दाम तोटा खातात आणि तो बाकीच्या मालावर भरून काढतात. महाग माल डोळ्यांसमोर, स्वस्त माल तळाच्या फळीवर, दूध पार मागच्या भिंतीला. मोठा पॅक छोट्यापेक्षा किलोमागे महाग निघालेला मी स्वतः पाहिलाय. युरोपीय संघाने १९९८ सालीच किलो-लिटरमागचा भाव लिहायला लावला, तो याचसाठी.

हिशेबी: मी किलोमागेच भाव काढले होते, पोस्ट नीट वाचा. तळाच्या फळीपर्यंत वाकायला मला कमीपणा वाटत नाही. पगारात महिना काढायचा असतो, तिथे महागड्या दुकानातली गार हवा आणि गाणी काय चाटायचीत?

हिरवी_जुडी: भाजीचं बोला ना! जुडी वरून टवटवीत, रबर काढला की आत काळी, चिकट. निवडताना अर्धी फेकली की भाव दुप्पट झाला. हे कुठल्या बिलात दिसतं?

हिशेबी: भाजीपुरतं मान्य. ती मीही तिथून घेत नाही.

रांगेतली: काउंटरवरच्या बायकांचं कुणी काही बोलणार आहे का? माझी बहीण एका सुपरमार्केटात कॅशवर होती. अख्खी शिफ्ट उभ्याने. स्टूल मागितलं तर मॅनेजर म्हणाला, बसलेलं बरं दिसत नाही. पायांच्या शिरा फुगल्या, शेवटी नोकरी सोडली.

थेट_बोल: मीही दिवसभर उभाच असतो. इथे विषय भावाचा चाललाय.

रांगेतली: तुमचे पाय दुखतात म्हणून तिचेही दुखावेत? आल्डी या जर्मन सुपरमार्केटांत कॅशियर बसून काम करतात आणि ती साखळी स्वस्ताईसाठीच ओळखली जाते.

थेट_बोल: तिथे माल खोक्यांतच मांडतात, प्रत्येक वस्तूचे प्रकार मोजके, माणसंही कमी. अर्धीच तुलना करू नका.

जुना_ग्राहक: मग तेच तर म्हणतोय! त्यांनी मांडणीवरचा खर्च वाचवला, खुर्चीवरचा नाही. आपल्या दुकानांना कुणी अडवलंय?

थेट_बोल: बरं, खुर्ची द्यावी. पण त्याचा बिलाशी संबंध नाही, हे अजूनही सांगतो.

हिशेबी: खुर्ची द्यायलाच हवी, वाद नाही. पण त्यासाठी मी महागड्या दुकानात का जाऊ? उभं तिथेही ठेवतात. तुम्ही मोजलेले जादा पैसे त्या बाईपर्यंत पोचत नाहीत.

रांगेतली: माहीत आहे. बहीण महागड्याच दुकानात होती. म्हणून सांगते, पुढच्या वेळी तीन दुकानांचे भाव लिहाल, तेव्हा कुठे स्टूल दिसलं तेही लिहा.