मदत हवी आहे: लेक स्पॅनिश बोलायलाच तयार नाही

चिऊची_आई:
कोणी लहान मुलांना घरी स्पॅनिश शिकवलंय का? अ‍ॅप झालं, फ्लॅशकार्डं झाली, भिंतीवर तक्तेही झाले. लेकीला कळतं सगळं. 'पुएर्ता' म्हटलं की बरोबर दाराकडे बोट करते, पण तोंड उघडेल तर शपथ. फार मागे लागलं की कॉटखाली जाऊन बसते. साताऱ्यात क्लास सापडत नाहीये. जरा लवकर सांगा, वेळ कमी आहे.

गोडोलीकर:
वय काय? घरात कोणाला येतं? आणि घाई कसली?

चिऊची_आई:
साडेचार. मी पुण्यात असताना स्पॅनिशच्या ए२ पर्यंत, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पातळीपर्यंत केलं होतं. बोला आता.

वाईचे_नाना:
स्पष्ट बोलतो, राग नसावा. आधी मराठी पक्कं होऊ द्या. आमच्या नातवाला एकोणऐंशी म्हणजे किती, ते इंग्रजीत सांगावं लागतं. पाढे घ्या पाढे!

मिरजवाली:
नाना, त्यांनी मराठी बंद केलंय असं कुठे लिहिलंय?
ताई, नवीन भाषेत बरीच मुलं महिनोन्‌महिने नुसती ऐकतात. 'हे काय, ते काय' विचारणं बंद करा, ती परीक्षा वाटते त्यांना. रोजचं एक काम धरा. समजा आंघोळ. तेवढा वेळ स्पॅनिशच: 'आग्वा' (पाणी), 'हाबोन' (साबण), 'मास' (आणखी). ती मराठीत बोलली तरी तुम्ही बदलू नका. माझी पोरं शेजारच्या आजींकडे खेळता खेळता कानडी शिकली, तक्ता एक नव्हता.

फ्रेंचप्रेमी:
फ्रेंच का नाही? दहावीला मार्क पडतात.

मिरजवाली:
साडेचाराव्या वर्षी दहावीचे मार्क? धन्य आहात.

चिऊची_आई:
मार्कांचं काय घेऊन बसलात! ह्यांची मेक्सिकोला बदली झालीय, जूनमध्ये निघायचंय. तिथे बालवाडीत घालायचंय तिला.

गोडोलीकर:
अहो, हे आधी सांगायचं ना! अ‍ॅप स्पेनचं आहे का? असेल तर बदला. मेक्सिकोत सरळ 'ग्रासियास' (धन्यवाद) म्हणतात, जीभ दातांत धरून 'ग्राथियास' नाही. 'बोसोत्रोस' (स्पेनमधलं 'तुम्ही सगळे') आणि त्याची क्रियापदं सोडूनच द्या, तिकडे त्याच अर्थाने 'उस्तेदेस' चालतं. तिथे तिसऱ्या वर्षापासून बालवाडी सक्तीची आहे, म्हणजे वर्गातली मुलं रुळलेली असणार. तिला रंग-आकडे येण्यापेक्षा अडल्यानडल्याची वाक्यं आधी यायला हवीत. शू लागली: 'कियेरो इर आल बान्यो'. तहान लागली: 'तेंगो सेद'. उच्चारांची काळजी नको, त आणि द आपल्यासारखेच आहेत. 'पेर्रो'तला (कुत्रा) घोळवलेला र नाही जमला तरी चालेल, तिकडच्या पोरांनाही तो उशिराच येतो.

वाईचे_नाना:
मेक्सिको का, मग ठीक. बरोबर पेढे नेणार असाल तर कंदीच न्या. खवा खरपूस भाजलेला असतो, साध्या पेढ्यांपेक्षा टिकतात.

चिऊची_आई:
नाना, पेढ्यांचं नंतर बघू. मिरजवाली, आजच आंघोळीला करून बघते. गोडोलीकर, पोट दुखत असेल तर काय म्हणायचं? तिचं सारखं तेच असतं.

गोडोलीकर:
'मे दुएले ला पान्सा'.